दिसणारा धोका, न दिसणारा धोका

माझ्या भावासाठी क्लोझापीन या गोळीचं नाव आमच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा काढलं तेव्हा मी सरळ ‘नको’ म्हटलं होतं. पुढेही बराच काळ ‘नको’च म्हणत राहिले. आज मी त्याच गोळीच्या बाजूची आहे. कुणी वाद घालून मला पटवलं, असं झालं नाही. धोका मोजायची माझी रीतच हळूहळू बदलत गेली.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. भिंतीपलीकडचे लोक आपल्याबद्दल बोलतात, असं त्याला ऐकू यायचं. ते ऐकू येऊ नये म्हणून तो टीव्हीचा आवाज वाढवायचा, की थोड्या वेळाने टीव्हीतलेही त्याच्याचबद्दल बोलायला लागायचे. पहिल्या औषधाने हात थरथरायला लागले, म्हणून पॅसिटेन या गोळीची भर पडली. त्याला चहाचा कप अर्धाच भरून द्यायची सवय आईला तेव्हापासून लागली. दुसऱ्या औषधाने थरथर थांबली, आवाज थांबले नाहीत. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये पुरेसे आठवडे देऊनही गुण आला नाही, तर क्लोझापीनचा विचार करतात. आम्ही तिथे केव्हाच येऊन ठेपलो होतो.

माझ्या नकाराला आधार होता. क्लोझापीनमुळे काही जणांच्या रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी एकदम घटतात आणि मग साधा संसर्गही जिवावर बेततो. १९७५ साली फिनलंडमध्ये असे रुग्ण दगावले आणि पुष्कळ देशांत हे औषध मागे घेतलं गेलं. ते परत आलं ते अमेरिकेत जॉन केन आणि सहकाऱ्यांनी १९८८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासामुळे. ज्यांच्यापुढे इतर औषधांनी हात टेकले होते, असे २६८ रुग्ण त्यांनी घेतले. सहा आठवड्यांत क्लोझापीनवरचे ३० टक्के सुधारले, क्लोरप्रोमाझीन या जुन्या औषधावरचे ४ टक्के. पुढच्याच वर्षी तिथे परवानगी मिळाली, पण नियमित रक्त तपासायच्या अटीवर. हे सगळं मी वाचलं होतं. माझ्या डोक्यात मात्र १९७५ तेवढं राहिलं.

मी एक वही ठेवायचे. कुठल्या गोळीने काय त्रास झाला, तारीखवार. शुभंकरांच्या, म्हणजे मानसिक आजार असलेल्यांची काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या, गटात एकदा ती वही चाळताना शेजारच्या बाईंनी सहज विचारलं, “आणि आजाराने काय काय होतं, ते कुठे लिहिलंय?” ते कुठेच नव्हतं. सुटलेली नोकरी, तुटलेले मित्र, दिवसेंदिवस न केलेली आंघोळ हे सगळं आमच्या घरात इतकं मुरलं होतं, की त्याची नोंद करावी असं मला कधी वाटलंच नाही. एका रात्री तो रेल्वेच्या रुळांकडेने चालताना सापडला होता. आवाजांनी सांगितलं म्हणून निघाला होता. तेही वहीत नव्हतं.

तिथून माझं वाचन पालटलं. या आजारात आत्महत्येचा धोका मोठा असतो आणि तो कमी करण्यासाठी क्लोझापीन वापरायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२मध्ये खास मान्यता दिली, हे तेव्हा वाचलं. २००९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात, स्किझोफ्रेनियावरची औषधं घेणाऱ्यांपैकी क्लोझापीनवाल्यांत मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी आढळलं. त्याच्या पद्धतीवर वादही झाले. पण ती माहिती फिनलंडचीच होती, ज्या देशामुळे मी या गोळीला घाबरत होते.

जिवावर बेतण्याइतक्या पेशी घटण्याचा प्रकार शंभरात एकालाही होत नाही आणि झालाच तर बहुतेकदा सुरुवातीच्या महिन्यांतच होतो. म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं, मग अंतर वाढवत न्यायचं. आकडा ठरलेल्या मर्यादेखाली गेला की गोळी बंद. म्हणजे मी ज्याला सर्वांत जास्त भीत होते, त्या धोक्यावर सर्वांत कडक पहारा होता. रुळांकडे निघालेल्या पावलांचा रिपोर्ट कुठल्या लॅबमध्ये मिळत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ने औषधाचे माहीत असलेले दुष्परिणाम जाणून घेण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. डॉक्टरांनी भावाला समोर बसवून सगळं सांगितलं. माझ्या मनात रक्ताची काळजी. त्याने विचारलं, “आवाज जातील? आणि मी दिवसभर झोपून तर राहणार नाही ना?” साडेबारा मिलिग्रॅमपासून सुरुवात झाली. लॅबमधून परतताना तो रिपोर्ट स्वतः उघडायचा आणि न्यूट्रोफिलचा आकडा वाचून दाखवायचा. १५००च्या वर असला, की पुढच्या आठवड्याची गोळी पक्की.

रक्ताने दगा दिला नाही. त्रास झाला तो मी वाचताना भरभर ओलांडलेल्या ओळींतल्या गोष्टींचा. रात्री लाळ इतकी गळते, की उशीवर दुमडलेला टॉवेल ठेवावा लागतो. वजन वाढलं, पँट्स बदलाव्या लागल्या, साखर तपासणं मागे लागलं. सकाळी दहाच्या आत तो उठत नाही. आणि बद्धकोष्ठता. ऐकायला किरकोळ वाटते, पण या औषधाने आतड्यांची हालचाल मंदावते आणि दुर्लक्ष झालं तर जीव जाऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दलचा इशारा २०२०मध्ये आणखी कडक केला. याला लॅब नाही. ‘आज पोट साफ झालं का?’ हे घरच्यांनीच विचारायचं. सिगारेटचंही तसंच. तिच्या धुरामुळे हे औषध शरीरातून लवकर बाहेर पडतं. एकदम सोडली तर रक्तातली पातळी वर चढते. म्हणून सिगारेट सोडायची तर आधी डॉक्टरांना सांगायचं, असं आमच्यात ठरलंय.

आवाज गेलेत का? नाही. “आहेत, पण आता माझ्याशी नाही बोलत, आपापसात बोलतात,” असं तो म्हणतो. दुपारी दोन तास ओळखीच्यांच्या प्रेसमध्ये बाइंडिंगला जातो. डोस थोडा कमी करावा, असं त्याच्या मनात आहे. पूर्वी अशा बोलण्यावर मी आजारच बोलतोय असं धरून चालले असते. आता ते डॉक्टरांपुढे मांडायच्या प्रश्नांत पहिलं आहे, कारण वाढलेलं वजन, झोप आणि लाळ सोसतो तो. काय किती सोसायचं, यात त्याचा शब्द माझ्याआधी यायला हवा.

गटात नवीन कुणी आलं, की हमखास पहिला प्रश्न येतो, ‘या गोळीचे साइड इफेक्ट किती?’ मी यादी सांगते, काही वगळत नाही. मग त्यांना एक प्रश्न सुचवते, डॉक्टरांना विचारायला: यातला कुठला धोका आधी लॅबला दिसेल, कुठला आम्हाला घरी दिसेल आणि औषध घेतलं नाही तर होणारं नुकसान कुणाला दिसेल?