जळका वास

पंचज्ञानेंद्रियांत नाकाचा मान फारसा कोणी राखीत नाही. त्याची आठवण बहुधा सर्दी झाली म्हणजेच होते. तथापि आग डोळ्यांस दिसण्यापूर्वी पुष्कळदा नाकास कळते, ही गोष्ट दिग्रससारख्या कापसाच्या गावी कोणास सांगावयास नको. कापसाच्या गंजीत पडलेली ठिणगी आतल्या आत धुमसत राहते; ज्वाला वर येण्याच्या कितीतरी आधी वास येतो, आणि तो वेळीच ओळखला तर सारी गंजी वाचते. मोटारीसही हाच न्याय लागू पडतो, हे गेल्या माघात माझ्या प्रत्यक्ष अनुभवास आले.

आजीच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेचा दिवस ठरला होता. तिला घेऊन बाबा, आई व मी असे सकाळीच दारव्ह्याच्या वाटेने यवतमाळास निघालो. आमची मोटार जुनी. पावसाळ्यात ती पुष्कळ दिवस उघड्यावर उभी राहिलेली होती. गावाबाहेर थोडे अंतर जातो न जातो तोच जळका वास येऊ लागला. आई म्हणाली, "कोणीतरी शेतात पऱ्हाट्या पेटवल्या असतील." वेचणी आटोपल्यानंतरचे ते दिवस असल्यामुळे हा तर्क वावगा नव्हता. परंतु बाबा म्हणाले, "शेतातला वास मागे पडतो, गाडीचा वास आपल्याबरोबर येतो. पाहू या." दोन किलोमीटर गेलो तरी वास संगतीस होताच. तेव्हा त्यांनी वाळलेल्या गवतापासून दूर, मुरमाड जागा पाहून गाडी उभी केली, इंजिन बंद केले आणि सर्वांत आधी आजीला हात देऊन खाली उतरविले.

नंतर त्यांनी मला विचारले, "वास कशासारखा आहे ते नीट सांग." वास तो वास, त्यात सांगावयाचे काय, असे कोणासही वाटेल, पण प्रत्येक वासाचे घर निराळे असते. इंजिनचे तेल गळून धुराच्या तापलेल्या नळीवर पडले, तर करपलेल्या तेलाचा वास येतो. पट्टा घसरू लागला, तर रबर जळाल्यासारखा येतो. रेडिएटरमधील पाणी गळत असेल, तर त्यात मिसळलेल्या द्रवाचा गोडसर वास येतो. तारेवरील प्लास्टिक जळत असेल, तर तो वास सर्वांत भयावह समजावा व गाडी तत्काळ बंद करावी. आम्हांस येत असलेला वास यांपैकी कोणताच नव्हता. तो उग्र व झोंबणारा होता, आणि गाडीच्या मागील बाजूस अधिक जाणवत होता.

बाबांनी हाताची पाठ प्रत्येक चाकाजवळ, स्पर्श न करता, धरून पाहिली. तीन चाके साधारण. मागचे डावे मात्र तव्यासारखे तापलेले. आईने पाण्याची बाटली पुढे केली, पण बाबांनी ती परत दिली. तापलेल्या लोखंडावर एकाएकी थंड पाणी पडले, तर ते तडकण्याचा संभव असतो.

इतक्यात यवतमाळची एस. टी. आली. आई व आजी तिच्यात बसून पुढे गेल्या, आणि आजीची शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी निर्विघ्न पार पडली. आम्ही दोघे मागे राहिलो. निरोप जाताच दिग्रसहून मिस्त्री आले. वास घेऊन ते म्हणाले, "क्लच-प्लेट गेली, साहेब. बदलावी लागेल." बाबा शांतपणे म्हणाले, "क्लच जळत असता तर इंजिनचा आवाज वाढूनही गाडीने ओढ घेतली नसती. गाडी तर ठीक ओढत होती. आणि मग हे एकच चाक का तापावे, एवढे सांगा, भाऊ." मिस्त्री क्षणभर थांबले. लगेच त्यांनी दुसऱ्या चाकांना दगडांची उटी लावून हँडब्रेक सोडला, गाडी जॅकवर घेतली व ते चाक हाताने फिरवून पाहिले. ते जागचे हलेना. उजवे मात्र सहज फिरले. डावा ड्रम उघडताच उलगडा झाला. हँडब्रेकची केबल आपल्या नळीत गंजून अडकली होती. वर हँडब्रेक सोडला तरी खाली ब्रेक सुटत नव्हता, आणि लायनर घासून घासून करपले होते.

मिस्त्रींनी दोन्ही बाजूंचे लायनर बदलले, पण त्याआधी केबल बदलली. केवळ लायनर नवे घातले असते, तर आठ दिवसांत तेही जळाले असते. असा अडकलेला ब्रेक तापत राहिला, तर त्याचे तेलही उकळू शकते. डॉट 3 प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू निदान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यावर तो 140 अंशांपर्यंत उतरू शकतो. तेलात वाफ झाली की पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो, आणि उतारावर त्याचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको.

8 ऑक्टोबर 2022 रोजी पहाटे यवतमाळहून मुंबईस निघालेली एक खासगी बस नाशिक येथे ट्रकवर आदळून पेटली, आणि दहाहून अधिक उतारू प्राणांस मुकले. आपल्याच जिल्ह्यातून निघालेल्या त्या माणसांना आगीने सूचनेचा अवधीच दिला नाही. जेथे तो अवधी मिळतो, तेथे तो दवडणे आपणांस कसे शोभेल?

म्हणून बालमित्रांनो, मोटारीत बसला असताना जळका वास आला, तर वडीलमंडळींस सांगण्यास संकोचू नका. आणि वडीलमंडळींनीही "काही नाही, गप्प बस," असे म्हणून मुलास उडवून लावू नये. गाडी थांबवावी, माणसे उतरवावीत. बॉनेटमधून धूर निघत असेल, तर ते सताड उघडू नये, कारण आत शिरणारी हवा आगीस बळ देते. मग वास कसा, कोठून व केव्हा येतो, हे तीन प्रश्न विचारावेत. मिस्त्री कितीही कुशल असला, तरी त्यास ही उत्तरे आपणच द्यावयाची असतात. कारण वास आला त्या वेळी गाडीत आपण होतो, तो नव्हता.