कमान

आमच्या घरात पतंग करणारे एक आणि उडवणारे दुसरे, अशी पूर्वापार वाटणी. करणारे अण्णा, म्हणजे माझे थोरले काका. उडवणारे तात्या, म्हणजे धाकटे. दोघांची वये मिळून दीडशेच्या पुढे गेली, तरी पतंग नेमका कशासाठी असतो यावर त्यांचे कधी एकमत झाले नाही.

त्रिपुरी पौर्णिमा होऊन आकाशकंदील उतरला, की पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्याच्या पडवीत अण्णा बांबू फोडायला बसत. कंदिलाचेच उरलेले ताव, कंदिलाचीच खळ. संक्रांतीला दोन महिने असत; अण्णांना ते अपुरे वाटत. कामटी काचेच्या तुकड्याने तासायची, बोटावर तोलायची, पुन्हा तासायची. पतंगाला कामट्या दोनच. उभी ती ताठ, आडवी ती कमान. कमानीची दोन्ही अंगे सारखी लवली नाहीत, तर पतंग एका बाजूला कन्नी खातो. इतर लोक अशा वेळी हलक्या बाजूला चिंधी बांधून मोकळे होतात. अण्णांच्या लेखी ती चिंधी म्हणजे करणाऱ्याच्या अब्रूला लावलेले ठिगळ!

तात्यांना यातले काहीच नको असे. बाजारातून डझनाने पतंग आणावेत, ढील देत देत एकेक रामकुंडावर न्यावा आणि पलीकडच्या काठावरून कोणी आला, की पेच लावावा. कटला तर कटला, दुसरा तयार. आमच्याच जिल्ह्यात येवल्याला भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सारे गाव गच्चीवर असते. तात्या अधूनमधून तिकडे जात आणि परतल्यावर महिनाभर येवल्याच्या आसारीचे गुण गात. अण्णा मात्र आपला पतंग त्यांच्या हाती देताना लेक सासरी धाडल्यासारखा चेहरा करीत.

"अण्णा, हा उडवायचा की ओवाळायचा?" तात्या विचारीत.

अमेरिकेत असलेला माझा भाचा पुठ्ठ्याच्या नळीची छोटी रॉकेटे करून उडवतो. त्याच्याकडून कळले, की हा छंद काढणाऱ्यांत नेब्रास्कातला ऑर्व्हिल कार्लाइल नावाचा एक जोड्यांचा दुकानदार होता. त्याचा भाऊ मॉडेल विमानांचा शौकीन. व्याख्यानात उड्डाणाची तत्त्वे सांगताना दाखवायला त्याला एक रॉकेट हवे होते. ते ऑर्व्हिलने 1954 साली करून दिले. तिथेही दोन भाऊच! भाचा सांगतो, त्या मंडळींतही दोन तट आहेत. एक बाल्सा लाकडाची शेपटाची पाती महिनोन्‌महिने घासून रंगाचे हात चढवतो. दुसरा संध्याकाळी चिकटवतो आणि सकाळी आभाळात सोडतो. पण त्यांचे रॉकेट पॅराशूट उघडून परत तरी येते. कटलेल्या पतंगाला कसले पॅराशूट?

माझे मत विचाराल, तर भांडण खरे त्या कमानीपाशी मिटत होते, आणि ते दोघांनाही कबूल नव्हते. दोर ताणला, की कमान मागे वाकते. पतंग स्थिर होऊन नाकासमोर सुटतो. ढील दिली, की कमान सरळ होते आणि पतंग गिरक्या घेऊ लागतो. पेच खेळणाऱ्याची सारी विद्या या दोहोंत. कमान फार ताठ झाली तर पतंग हुकूम ऐकत नाही, फार लवचीक झाली तर जोराच्या वाऱ्यात दुमडतो. आणि किती लवावी, हे पडवीत बसून कळत नाही. तात्या गच्चीवरून ओरडत, "अण्णा, ताठ आहे! ऐकत नाही!" अण्णा पुटपुटत, पण रात्री पुढच्या पतंगाची कमान थोडी अधिक तासत.

एका संक्रांतीला अण्णांचा वीस दिवस खपून केलेला लाल-पांढरा पतंग तात्यांनी पेचात घातला आणि तो कटून नदीपार गेला. आता महाभारत होणार, म्हणून आम्ही पोरे गच्चीच्या कोपऱ्यात दबकून उभी. अण्णांनी खालून विचारले, "ऐकत होता का?"

"लोण्यासारखा!"

अण्णा काही न बोलता आत गेले. थोड्या वेळाने बांबू फोडल्याचा आवाज आला.

तात्या गेले त्याला आता तीन वर्षे होतील. त्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला अण्णांनी अकरा पतंग केले आणि पडवीच्या भिंतीवर ओळीने लावले. हळदीकुंकवाला आलेल्या बायका थबकून "किती सुबक!" म्हणत, आणि दर वेळी अण्णांचा चेहरा अधिकच उतरे.

गेल्या संक्रांतीला माझ्या पुतणीने कोणाला न विचारता त्यातला एक काढला आणि साधे सुती रीळ घेऊन ती गच्चीवर गेली. (नायलॉनच्या मांजावर हरित लवादाने 2017 साली देशभर बंदी घातली, आमच्या घरात तो त्याआधीही आला नव्हता.) अण्णांना जिना चढवत नाही. अंगणात खुर्ची टाकून ते मान वर करून बसले.

"कसा आहे गं?"

"छान आहे, आजोबा!"

"छान काय छान! ताठ वाटतो की ढिला, ते सांग."

वर बराच वेळ शांतता. तिने दोनदा दोर खेचला, एकदा सैल सोडला.

"ताठ आहे," ती म्हणाली. "उजवीकडे जरा जास्तच."

"उतरव तो खाली आधी," अण्णा म्हणाले, आणि मला काचेचा तुकडा आणायला आत पाठवले.