रुळांपलीकडची शाळा

मुलुंडमध्ये राहणाऱ्या माणसाचा पत्ता रुळांवरून ठरतो. पूर्व की पश्चिम, हे सांगितल्याखेरीज त्याचा पत्ता पुरा होत नाही. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली ती याच मार्गाने. पुढे पश्चिमेस आखीव रस्ते झाले, पूर्वेस मिठागरे राहिली आणि त्यांच्या अलीकडे हळूहळू वस्ती वाढली. १९५७ साली मुलुंड बृहन्मुंबईत सामील झाले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी महापालिकेकडे आली. कागदावर शाळा साऱ्यांसाठी सारखीच झाली. परंतु रूळ होते तिथेच राहिले.

आमचे घर पश्चिमेस आहे. २०११ च्या जून महिन्यात आमच्या मुलीला पहिलीत घालायचे होते आणि आम्ही तिला रूळ ओलांडून पूर्वेकडच्या पालिकेच्या मराठी शाळेत घातले. त्या वेळी आम्हा उभयतांची समजूत अशी होती की, हा निर्णय आम्ही आमच्या एका लेकरापुरता घेत आहोत. ती समजूत किती अपुरी होती, हे कळायला काही वर्षे जावी लागली. म्हणून ही हकिकत सांगाविशी वाटते.

आमच्यापैकी एक वसईचा, दुसरी नगर जिल्ह्यातली. दोघांनीही पहिले अक्षर मराठीतच गिरवले, आणि तेही चर्चच्या आवारातल्या शाळेत. देवळाची घंटा आणि शाळेची घंटा यांत अंतर होते ते केवळ मैदानाचे. गावातली सारी मुले त्याच शाळेत जात. शेतकऱ्याचा मुलगा, मास्तरांची मुलगी, मजुराची पोरे एकाच बाकावर बसत. शाळा निवडावी लागते, हे आमच्या आईवडिलांना ठाऊकच नव्हते. त्यांनी मुलाचा हात धरला आणि शाळेत नेऊन सोडले.

मुलुंडला मात्र निवड करणे भाग होते. आमच्यासमोर तीन दारे होती. पहिले दार धर्मभगिनींच्या इंग्रजी शाळेचे. स्नानसंस्काराचा दाखला दाखविला असता, तर ते आमच्यासाठी बहुधा उघडले असते. धर्मग्रामातील बहुतेक कुटुंबांनी तोच मार्ग धरला होता आणि त्यांत त्यांचे काही चुकले, असे आम्ही म्हणणार नाही. पण घरात मराठी बोलणारे, मराठीत प्रार्थना करणारे आम्ही. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ज्या भाषेत 'क्रिस्तपुराण' सिद्ध केले, तिचा अभिमान मिरविणारे. आमच्याच लेकीला तिची लिपी परकी व्हावी, हे आमच्या मनाला पटेना.

दुसरे दार आमच्या गल्लीच्या टोकाला होते. पालिकेची शाळा, घरापासून पाच मिनिटांवर. आम्ही तेथे जाऊन पाहून आलो. इमारत प्रशस्त होती, मैदान होते. पण मराठीचा पट ओसरलेला. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसत. बाई एका भिंतीवरील फळ्यावर पहिलीला मुळाक्षरे देत आणि पाठ फिरवून दुसरीची वजाबाकी तपासत. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पट साठपर्यंत असला, तर प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक मिळतात. इयत्ता किती, हे त्या हिशेबात येत नाही. बाईंच्या कष्टांत कसूर नव्हती. पण एका माणसाला दोन तोंडे नसतात. आम्ही खिन्न होऊन परतलो.

तिसरे दार रुळांपलीकडे. एका परिचिताने त्या शाळेचे नाव सांगितले. तेथे मराठीचा प्रत्येक वर्ग स्वतंत्र होता, प्रत्येक वर्गाला शिक्षक होते, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रे होती. पहिलीच्या वर्गात अडतीस नावे लागली होती. मुख्याध्यापिकांनी जन्मदाखला पाहिला, पत्ता वाचला आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहत विचारले, "एवढ्या लांबून रोज आणणार?" आम्ही "हो" म्हणालो.

त्याच मे महिन्यात एका दुपारी दारावरची कडी वाजली. गल्लीच्या टोकावरल्या शाळेतल्या त्या बाई होत्या. हातात कागदांची चळत, डोक्यावर पदर. सुट्टीत पालिकेचे शिक्षक पटासाठी घरोघर फिरतात, हे आम्ही ऐकून होतो. आमच्याच उंबऱ्यावर त्या येतील, असे वाटले नव्हते. "ताई, यंदा नाव घालताय ना मुलीचं?" त्यांनी विचारले. आम्ही खरे ते सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "इंग्रजीत घालणाऱ्यांना आम्ही काय बोलणार? पण तुम्ही पालिकेच्या मराठी शाळेतच घालताय. तिकडे पट आहेच हो. तुमची मुलगी तिकडे एकोणचाळिसावी होईल. आमच्याकडे ती बारावी झाली असती." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पेलाभर पाणी पिऊन त्या शेजारच्या घराकडे वळल्या. आम्ही दार लावले. त्या दिवशी आम्ही दोघेही त्या विषयावर एकमेकांशी बोललो नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. रोज सकाळी साडेसहाला आमच्यापैकी एक जण तिचा हात धरून स्थानकावरच्या पादचारी पुलावरून पलीकडे जाई. उतरणाऱ्या गर्दीच्या विरुद्ध दिशेने तो चिमुकला देह नेणे, ही एक कसरतच होती. शाळा चांगली होती, हे निःशंकपणे सांगितले पाहिजे. रिक्षाचालकांची, घरकाम करणाऱ्या बायांची, बांधकामावरच्या मजुरांची मुले तिच्या वर्गात होती. पालिकेने दिलेले तेच दप्तर, तेच बूट, तोच रेनकोट साऱ्यांच्या अंगावर. दुपारची खिचडी ती त्यांच्या पंगतीत बसून खाई. नाताळात वर्गातली चार मुले आमच्या घरी आली, आणि गोठ्यातल्या बाळ येशूसमोर हात जोडून उभी राहिली. आमच्या गावातली ती जुनी बाके आम्हाला पुन्हा सापडली, असे वाटले.

पण अंतराची किंमत द्यावी लागतेच. ती दुसरीत असताना एका दुपारी पावसाने कहर केला. आम्ही दोघेही कामाला फोर्टात; लोकल गाड्या बंद पडलेल्या. गल्लीतल्या शाळेतली मुले गुडघाभर पाण्यातून का होईना, दहा मिनिटांत घरी पोहोचली होती. आमची लेक रुळांपलीकडे अडकली. तिच्या बाई स्वतः डोंबिवलीच्या; त्यांनाही घरी जाता येत नव्हते. "काळजी करू नका, ती माझ्यापाशी आहे," एवढे त्यांनी दूरध्वनीवरून सांगितले. रात्री साडेदहाला आम्ही पोहोचलो, तेव्हा दोघी मेणबत्तीच्या उजेडात पाढे म्हणत बसल्या होत्या. त्या माउलीचे उपकार आम्ही विसरणार नाही. आणि शेजारी शाळा असणे म्हणजे काय, हेही त्या रात्री आम्हाला उमगले.

आणखी एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. संध्याकाळी गल्लीत खेळताना मुले तिला विचारीत, "तू कुठल्या शाळेत?" गल्लीतली मुले टोकावरच्या शाळेतली, चर्चमध्ये भेटणारी मुले इंग्रजी शाळेतली आणि हिच्या मैत्रिणी पलीकडे. तिला सवंगडी लाभले, परंतु ते घराच्या हाकेवर नव्हते. आम्ही तिला चांगली शाळा दिली. मात्र गल्ली तिच्याकडून थोडी काढून घेतली.

ती चौथीत गेली त्या वर्षी टोकावरच्या शाळेतला मराठी वर्ग बंद झाला. उरलेल्या मुलांना दुसऱ्या शाळेत सामावून घेतले गेले. इमारत आजही आहे, दुसऱ्या माध्यमांचे वर्ग तेथे भरतात. एका मुलीने तो वर्ग वाचला असता, असे मानण्याइतके आम्ही भाबडे नाही. पण आमच्यासारखी आणखी किती घरे होती? आमच्याच इमारतीतील दोन कुटुंबांनी आमचे पाहून आपली मुले पलीकडे धाडली होती आणि त्याचा आम्हाला तेव्हा केवढा आनंद झाला होता! शाळा ओस पडल्या म्हणून आपण हळहळतो. त्या ओस पडतात त्या अशाच, एकेका सुजाण पालकाच्या एकेका योग्य निर्णयाने.

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सादर केलेल्या अहवालात शेजारशाळेची शिफारस केली होती. जात, धर्म, मिळकत न पाहता परिसरातील सर्व मुलांनी परिसरातल्याच शाळेत जावे, ही ती कल्पना. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्याच्या मातीतले. त्या शिफारशीमागचे तत्त्व साधे आहे. ज्यांचा आवाज ऐकला जातो त्यांचीही मुले त्याच बाकावर बसली, तर शाळेचे गळके छप्पर लवकर दुरुस्त होते. ते निघून गेले की मागे उरतात ती ज्यांना निवडच नाही अशांची मुले.

ही कल्पना बाजूला पडली आणि तिचे उलटे रूप मात्र पुढे आले. शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांना दिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेवर ते बंधन नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. जवळची शाळा सुधारायची कोणी, हा प्रश्न राहिलाच. गरिबाच्या मुलाला दुसरे दार नाकारण्यापुरती ती जवळ होती. आपल्या अल्पसंख्याक शाळांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने या कायद्यातून मोकळीक मिळाली आहे. तो आपला घटनादत्त हक्क आहे. पण आवाराच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या मुलाशी आपले नाते काय, हा प्रश्न त्या निकालाने सुटत नाही. तो आपल्या सद्सद्विवेकाकडे परत येतो.

महापालिकेने २०२१ साली मुलुंड पूर्वेच्या मिठागर शाळेत केंद्रीय मंडळाचा अभ्यासक्रम सुरू केला. अशा शाळांसाठी अर्ज इतके आले की सोडत काढावी लागली. आमच्या परिचयातील एका जोडप्याने तेथे अर्ज केला होता. ती दोघे सल्ला विचारायला आली. पालिकेच्या शाळेसाठी पालकांनी रांग लावावी, ही गोष्ट आनंदाचीच. "तुम्ही तर हे सारे केलेले आहे," ती म्हणाली. आम्ही पुलाबद्दल, पावसाबद्दल, खिचडीच्या पंगतीबद्दल सांगितले. त्यानंतर बाईंची गोष्टही सांगितली. अर्ज करू नका, असे आम्ही म्हणालो नाही. तो अधिकार आम्हाला नव्हता आणि लेकराचे बालपण हे कोणत्याही तत्त्वाची किंमत म्हणून मागता येत नाही. एवढेच म्हणालो, की जाण्यापूर्वी घराजवळच्या शाळेत एकदा जाऊन या. आपल्यासारखी चार घरे मिळतात का, तेही विचारून पाहा. आम्ही एकटेच गेलो आणि एकट्यानेच ठरविले. शेजाऱ्यांचे दार आम्ही ठोठावले नाही. ते बाईंनी ठोठावले.

त्या बाई आम्हाला पुन्हा एकदाच भेटल्या. वर्ग बंद झाल्यावर त्या अतिरिक्त ठरल्या आणि त्यांची बदली दूरच्या उपनगरात झाली होती. स्थानकाजवळच्या भाजीबाजारात त्यांनीच आम्हाला ओळखले. आम्ही ओशाळलो, काहीतरी बोलावे म्हणून शब्द जुळवू लागलो. त्यांनी ते बोलणे होऊ दिले नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेत त्यांनी विचारले, "मुलगी कशी आहे? अक्षर चांगलं आहे ना तिचं?"

आम्ही म्हणालो, "चांगलं आहे, बाई."

"मग झालं," असे म्हणून त्या पुलाच्या पायऱ्या चढू लागल्या. त्यांना पलीकडे जायचे होते.