बिनखर्चाची मागणी

गेल्या जूनमध्ये आमच्या संस्थेच्या संचालकांनी एक चांगली गोष्ट केली. शिक्षक आणि शिक्षकेतर सेवकांना कोणत्या सोयी-सवलती हव्यात, ते चिठ्ठीवर लिहून मागवले. चिठ्ठीवर नाव घालायचे नाही, एवढीच अट. त्या गोळा करण्याचे काम मुख्याध्यापक म्हणून माझ्याकडे आले.

शाळा सुटल्यावर ऑफिसात बसून मी एकेक चिठ्ठी उघडली. मागण्या साध्याच होत्या. बाईंच्या खोलीला आतून कडी, पुस्तकांच्या कपाटाला कुलूप, सणाची उचल सणाआधी. शिपायाने चिठ्ठी लिहिलीच नव्हती. तो दारातूनच म्हणाला, “पावसात घंटा द्यायला उभारतो तिथं एक पत्रा घाला, सर. बास झालं.”

एक चिठ्ठी मात्र हातातच राहिली. “मधल्या सुट्टीत आमच्यासमोर पेन्शनचा हिशेब करू नये. याला खर्च नाही.”

हिशेब करणारा मीच होतो. मी १९९५ साली नोकरीला लागलो. निवृत्तीला आता दोन-तीन वर्षे उरली. चहाचा कप हाती आला की बोटांवर मोजणी सुरू. पूर्ण सेवा झाल्यावर शेवटच्या मूळ पगाराचे निम्मे, वर महागाई भत्ता, माझ्यामागे सौ.ला कुटुंब निवृत्तिवेतन. माझ्या वयाचे दोघे-तिघे त्यात भर घालत.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तरुण शिक्षक वह्या तपासत असत. कर्नाटकात १ एप्रिल २००६ पासून सरकारी सेवेत आलेल्यांना नवी योजना लागू झाली. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांतून दरमहा दहा टक्के कापले जातात, सरकार आपला वाटा घालते, आणि म्हातारपणी हाती काय पडेल ते बाजारावर. आमच्यासारख्या अनुदानित शाळांत तर तेवढाही आधार सगळ्यांना मिळालेला नाही. तास तेवढेच, दहावीच्या निकालाची काळजीही तेवढीच.

आपण सीमाभागातली माणसे. १ नोव्हेंबर १९५६ या एका तारखेने काय होते, ते वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकतच आपण वाढलो. तरीही माझ्याच शाळेत, चहाच्या टेबलावर, दुसऱ्या एका तारखेची रेघ होती आणि मला ती दिसली नाही. मी तिच्या अलीकडे सुखाने बसलो होतो ना!

अक्षर ओळखीचे वाटले. पण ओळखायचे नाही, असे ठरवले. संचालकांना दिलेल्या यादीत ती मागणी घातली नाही. ती त्यांच्याकडे नव्हतीच.

कडी बसली, पत्राही आला. परवा मधल्या सुट्टीत एका जुन्या सहकाऱ्याने सवयीने विचारले, “सर, तुमचं पेन्शन किती बसेल हो?”

“आधी चहा घ्या, निवतोय,” मी म्हटले.

टेबलाच्या त्या टोकाकडे बघायचा धीर मात्र अजून होत नाही.