परक्याचा विमा

भोरहून महाडला जातांना वरंधा घाटांत पावसानें निसटलेला एक दगड माझ्या मोटारीवर आदळला. विम्याचा कागद काढून पाहिला, तों त्यांत माझ्या गाडीच्या नुकसानीची सोयच नव्हती! काटकसर म्हणून मीं कायद्यापुरताच विमा उतरविला होता. माझ्या दीड हजार सी.सी.च्या आंतल्या गाडीला २०२२ च्या दरानें, कर वगळून, ३,४१६ रुपये. १९८८ च्या मोटार कायद्यानें सक्तीचा केलेला हा विमा परक्यासाठीं असतो. तो नसल्यास पहिल्याच गुन्ह्याला २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. मी मनांत चरफडलों.

पुढें वेल्ह्याच्या वाटेवर मोळी घेतलेली एक म्हातारी वळणावर एकाएकीं समोर आली. ब्रेक लागला म्हणून बरें! माझी काळजी कायद्यानें माझ्या शहाणपणावर सोडली होती; तिची सोडली नव्हती. सोडली असती, तर तेथेंही मीं काटकसरच केली असती.