तेराव्यानंतरची काठी

घरात मृत्यू झाला की पहिले तेरा दिवस काय करायचे ते सांगायला भटजी असतात, भावकी असते. तमिळ घरांत हे विधी बहुधा सोळाव्या दिवसापर्यंत चालतात. उत्तर चेन्नईत तर ओप्पारी आणि मरण-गाना या विलापगीतांतून शोक चक्क रस्त्यावर गायला जातो. खरी पोकळी जाणवते ती हे सारे विधी संपल्यावर. पाहुणे परततात आणि पुढचा दिवस कसा रेटायचा हे कोणी सांगत नाही. सिलंबम हे तमिळ काठीयुद्ध काय किंवा आपली लाठीकाठी काय, दुःखात कामी येते ती नेमकी इथे, असे माझे मत आहे. छाती पोलादी होते वगैरे मी मानत नाही. ठरल्या वेळी, ठरल्या जागी, ठरल्या क्रमाने अंग हलवावे लागते, एवढीच तिची ताकद, आणि ती पुरेशी आहे.

सिलंबममध्ये आधी पायांच्या चाली घोटून घेतात, मग कपाळाइतक्या उंचीच्या बांबूचे फेरे, आणि बऱ्याच काळाने समोर दुसरा माणूस उभा राहतो. दुःखातले मन एकाच प्रसंगाभोवती घिरट्या घालते. समोरून काठी येताना त्याला तेवढ्यापुरते तरी तिथून निघावे लागते. ही पळवाट नव्हे का, असे हमखास विचारले जाते. मार्गारेट स्ट्रोब आणि हेन्क शूट यांनी 1999 मध्ये मांडलेल्या प्रारूपात याचे उत्तर आहे. शोकाकुल माणूस कधी गेलेल्याकडे, कधी बदललेल्या संसाराकडे वळतो. सावरणे या ये-जा करण्यातच असते आणि अधूनमधून दोन्हींपासून घेतलेली उसंतही त्यात धरलेली आहे. तासभर काठी फिरवून घरी येऊन रडणारा पळत नसतो. दिवसभर मैदानात राहून भिंतीवरच्या फोटोकडे बघायचे टाळणारा मात्र पळतोय.

मग चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नुसते चालले तर? अवश्य चालावे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील 2024 च्या आढाव्यात 218 चाचण्या तपासल्या होत्या; चालणे-धावणे, योगासने, वजनांचा व्यायाम यांनी नैराश्य बऱ्यापैकी उतरलेले दिसले. शोक म्हणजे नैराश्य नव्हे, तेव्हा या आकड्यांवर कोणी आखाड्याची जाहिरात करू नये. काठीकडे जास्तीचे काय, तर जोडीदार. तुम्ही आला नाहीत तर त्याचा सराव अडतो. सांत्वनाला आलेल्यांसमोर बोलावे लागते, इथे गप्प राहूनही सोबत मिळते.

तिसरा आक्षेप मला मान्यच आहे: ‘वाघासारखा उभा राहा, रडतोस काय’ ही भाषा आखाड्यांत मुरलेली आहे आणि ती दुःख आत कोंबते. त्यात आता पदकांचे वारे आले. जानेवारी 2024 मध्ये तमिळनाडूत झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत सिलंबम प्रात्यक्षिक खेळ म्हणून होते. खेळाला मान मिळतोय हे चांगलेच. पण वस्तादांनो, घरात नुकतेच कोणी गेलेल्या मुलाला किंवा मुलीला लगेच स्पर्धेला उतरवू नका, ‘विसर आता’ असेही म्हणू नका. पायांच्या चालींपासून पुन्हा सुरुवात करून द्या. वर्ष उलटूनही झोप, जेवण, कामधंदा रुळावर येत नसेल तर डॉक्टरकडे पाठवा; सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे.