काळा मार्लिन आणि बोट लागण्याची गोळी

ऑस्ट्रेलियातील केर्न्सपासून दूर, ग्रेट बॅरियर रीफच्या बाहेरच्या कडेला, सप्टेंबर ते डिसेंबर या काळात काळे मार्लिन येतात. हजार पौंडांचे अजस्र मासे म्हणजे माद्याच. भाड्याच्या नौकेवर खुर्चीत बसून गळाशी झुंजायचे आणि बहुधा मासा सोडून द्यायचा, अशी तेथील रीत. आपणही हा सोहळा अवश्य पाहा.

माझे वडील पाहायला गेले, तेव्हा बोट लागू नये म्हणून त्यांनी परस्पर गोळी घेतली. अशा अनेक गोळ्यांनी मूत्राशयाचे आकुंचन मंदावते; त्यांचे प्रोस्टेट तर आधीच वाढलेले. भर समुद्रात लघवी तुंबली, किनारा काही तासांवर. मी डॉक्टर, सोबत होतो. पण त्यांच्या गोळ्या पाहिल्याच नव्हत्या! प्रोस्टेट वा काचबिंदूचा त्रास असल्यास निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा.

रात्री रुग्णालयात नळी घातल्यावर वडिलांनी विचारले, "मासा सोडला ना रे?"